वामनरावांची मुंबई

वामनराव मुंबईला गेले नाहीत, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव मोठी घटना. बाकी सगळं नागपूरच्या इतवारीत राहणाऱ्या कोणाही कारकुनासारखं. सायकल, कचेरी, दोन मुली आणि थंडीतला खोकला. एकसष्ट साली त्यांची आणि सोबतच्या गोपाळरावांची मुंबईच्या सचिवालयात बढतीवर बदली निघाली, तेव्हा वडिलांनी, रुपरावांनी, अंथरूण धरलं. "मले मातीत घाल, अन् मंग जाय," म्हणाले. वामनरावांनी नकार लिहून दिला. दुसऱ्याच दिवशी रुपराव उठून बसले आणि पाटोडीचा रस्सा भुरके मारत जेवले.

पुढं वीस वर्षं वामनराव त्याच टेबलावर राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेले त्यांचे साहेब झाले. पण "बापासाठी थांबलो" एवढं एक वाक्य त्यांच्यापाशी होतं आणि ते त्यांना पुरत होतं. लग्नात, मयतीत, पानठेल्यावर, कुठंही विषय निघो, ते हळूच ते वाक्य काढत. ऐकणारा आदरानं मान डोलवायचा. खरं सांगायचं तर त्या आदरावरच गडी जगत होता.

दर डिसेंबरात अधिवेशनासाठी सरकार नागपुरात उतरायचं, आणि त्याच्याबरोबर गोपाळरावही. एका रविवारी त्यांचं जेवण वामनरावांकडे ठरलेलं. दर खेपेला कोट नवा, हुद्दा वरचा. वामनराव आग्रह करकरून वाढायला लावत आणि पाहुणा गेला की दोन दिवस घुम्यासारखे बसून राहत.

ब्याऐंशी साली जेवता जेवता गोपाळराव म्हणाले, "वामन, तू आला असतास तर आज माझ्या वर असतास. तुझ्याच फायली पाहून शिकलो मी."

हेच ऐकायला वामनराव वर्षभर थांबत. आपलं वाक्य काढायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या पाटावरून रुपराव बोलले, "हा कायचा येते गा! मी तं म्हणून राहिलो होतो, जाय बाप्पा, मुंबई काही खात नाही तुले. याचीच छाती नाही झाली."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. वयामुळं म्हणा, त्याला खरंच तसं आठवत होतं. गोपाळराव ओशाळून हसले आणि ताटाकडे पाहू लागले. वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. देवकीनं ते अंथरूण, ती रडारड, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. ती भाताचं पातेलं उचलून आत गेली.

पाहुणा गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "तुले तं सारं माहीत होतं ना वं? मंग काहून नाही बोलली?"

देवकी उष्टी काढत होती. इतक्या वर्षांत तिनं हा विषय कधी काढला नव्हता. आताही तिचा आवाज चढला नाही.

"मामाजीनं अंथरूण धरलं होतं, खरं आहे. पण मी म्हटलं होतं, तुम्ही जा, त्यांचं मी करतो. होल्डॉल बांधून ठेवला होता तुमचा. तुम्हीच जाऊन नाही म्हणून लिहून दिलं." ती जरा थांबली. "अन् शिट्टी वाजवत घरी आले होते."

असं काही झालंच नाही, असं वामनरावांना ओरडून सांगायचं होतं. पण त्या दिवशी येताना आपण जिलेबीही आणली होती, हे त्यांना आठवलं.