रजेच्या बदल्यात सत्कार

सरकारी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी माझ्या मुलीला फसवलं. कबूल केली रजा, दिला सत्कार.

मी मुरुडच्या बाजारात मासे विकते. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, आता स्वतःचा गाळा आहे. त्यातूनच मुलीला नर्स केलं. कोरोनात ती घरी यायची आणि मागच्या पायरीवर बसून राहायची. शेजारी कुणी खोकलं तरी उठून उभी राहायची. एकदा म्हणाली, "आये, पेशंट गेला तरी आता मला काय वाटत न्हाय गं. त्याचीच भीती वाटते."

वरच्यांना काळजी नव्हती असं म्हणता येणार नाही. ताण घालवायला त्यांनी मोबाइलवर शिबिर ठेवलं, तेही ड्युटी संपल्यावर, आणि हजेरी सक्तीची. शिबिर घेणाऱ्या पुण्याच्या बाई म्हणाल्या, "डोळे मिटा, समोर समुद्र आहे अशी कल्पना करा." समुद्र आमच्या दवाखान्याच्या मागेच आहे. तिथे जाऊन बसायला सुट्टी तेवढी नव्हती.

शेवटी मीच साहेबांकडे गेले.

"साहेब, पोरीला आठ दिवस घरी सोडा."

"मावशी, स्टाफ कुठेय? दोन दिवसांचं बघतो."

"पापलेटाचा भाव करताय काय? दोन दिवसांत साधा ताप उतरत न्हाय, असं तुम्हीच सांगता ना?"

साहेब हसले. "बरं, तुमचं आठ. पण शनिवारी सत्कार आहे, पुढारी येणार आहेत. तेवढी स्टेजवर येऊ दे. सोमवारपासून रजा."

मी हो म्हटलं आणि उठले. बंदरावर लिलावात एकदा हो म्हटलं की माघार नसते, मग मागून येणारी होडी दुप्पट माल घेऊन का येईना. साहेबही शब्दाचे असतील, असं मी धरून चालले.

शनिवारी तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. नारळांच्या गावात नारळ! मग साहेबांनी माइक घेतला. "या आमच्या भगिनी. एवढ्या संकटात एकही रजा घेतली नाही आणि पुढेही घेणार नाहीत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुलगी खाली मान घालून उभी होती.

घरी येताना मी भडकले. "चल, आत्ताच्या आत्ता विचारू त्याला."

"नको आये. सगळ्या गावासमोर बोललेत. आता कुठल्या तोंडानं रजा मागू?"

सोमवारी ती ड्युटीवर गेली. पुढे साथ ओसरली, मास्क उतरले. ती मात्र अजून जेवता जेवता थांबते. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला ओ देते. डॉक्टर म्हणतात, हिला तेव्हाच विश्रांती मिळायला हवी होती.

मलाही तेच म्हणायचं आहे. साहेब, भाव आठ दिवसांचा ठरला होता, दोघांच्या तोंडाने. तुमची बढती झाली असेल, बदली झाली असेल, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. माझ्या गाळ्यावर या, चार गिऱ्हाइकांसमोर उभे राहा आणि सांगा, तुम्ही शब्द का फिरवलात?