यंदा माझा वाफा भाजायचा नाही

विसरलात ना मला? मी आजी, आशागडजवळच्या शेतावर शिकायला गेलेली. हे नातीकडून लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, आणि तुम्हाला येऊनही तुमच्या काही लक्षात राहत नाही.

त्या शेतावरचं कुटुंब विकतचं खत घालत नाही. मी सध्या तिथेच राहते, इंटर्न म्हणून. हसा खुशाल! तिथे जमीन भाजत नाहीत, पाल्याने झाकतात. म्हणून मीही आमच्या घरामागच्या एका वाफ्यासाठी पाला जमवून ठेवला होता.

आज सकाळी घरी आले, तर माझा मुलगा तोच पाला वाफ्यावर रचून काडी ओढायच्या बेतात. भात पेरायच्या आधी आमच्याकडे वाफ्यावर पाला जाळून असा राब भाजतातच, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं. मीही जन्मभर भाजला.

मी सरळ पाल्यावर जाऊन बसले.

"आये, ऊठ. रोप नाय आलं तर लावणीला काय लावू?"

"तुझे बाकीचे वाफे भाज. हा एक माझा."

"आणि यात नाय उगवलं तर?"

"तर पुढच्या वर्षी काडी मीच लावीन. यंदा नाही."

शेजारी बघायला जमले, हसले. मी अजून इथेच बसलेय. खरं सांगा, तुमच्या घरी म्हातारीला काही नवीन करून बघू देतात का?

सूनबाई, हे वाचलंस की नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी इथेच पाठव. माझ्या लेकाच्याच हाती पाठव, पण त्याची काडेपेटी आधी काढून घे.