ओली खापरी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे उभी राहिले तेव्हाही बाकी सगळं बोलले, एवढं गिळलं. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचं घर मेहकरचं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. सासू नव्हत्या; घरात सासरे, माझे मिस्टर, मी आणि नणंद कुसुम. सासरे, म्हणजे मामंजी, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा एकच शौक — चिरूट. नागपूरहून कोणी येणारं असलं की जुडी मागवायचे आणि सागवानी पेटीत ठेवायचे. ती पेटी सांभाळणं माझं काम. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चिरूट उघडा राहिला तर हातात चुरा होतो. म्हणून फुटक्या मडक्याची खापरी भिजवायची, पुसायची, फडक्यात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात ठेवायची. पावसाळा लागला की तीच खापरी काढून घ्यायची, नाही तर बुरशी धरते. चिरूट दाबला तर हलकेच दबला पाहिजे, कुरकुरला नाही पाहिजे. सुनेच्या प्रकृतीची एवढी चौकशी त्या घरात कधी झाली नाही.

त्या वर्षी कुसुम मॅट्रिक झाली. अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं म्हणून हटून बसली. मामंजी आधी नाही म्हणाले, मग पाहू म्हणाले, मग हो. मला आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. झाला होता का? मी शाळेत पहिली यायचे. लग्नानंतर पुढची परीक्षा घरी बसून देऊ का, म्हणून विचारलं होतं, तर मामंजी हसले होते.

"सुनेले काय करायची परीक्षा? पोळ्या गोल येतात ना?"

आता तेच मामंजी लेकीसाठी नवी ट्रंक बघत होते. मला राग त्यांचा होता. काढला कोणावर?

पावसाळा होता. मामंजी कामासाठी बुलढाण्याला गेलेले. मी बाजूला बसले होते — त्या चार दिवसांत बाईनं मागच्या पडवीत पोत्यावर बसायचं, कशाला शिवायचं नाही. पेटी तेवढ्यापुरती कुसुमच्या ताब्यात. तिनं खापरी काढून, कोरडी करून बाजूला ठेवली होती. मी पाहिलं होतं. लक्षात घ्या, मी पाहिलं होतं.

दुपारी कुसुम शाळेत दाखला आणायला गेली. घरात कोणी नाही. मी उठले — कसली शिवाशिव नि कसलं काय — माजघरात गेले, माझ्या तांब्यातल्या पाण्यात खापरी बुडवली आणि तशीच निथळती चिरुटांच्या खाली सारून झाकण लावलं. परत येऊन पोत्यावर बसले.

आणि कुसुम आली ती माझ्यासाठी गरम भाकरी घेऊन पडवीत. लांबूनच ताट सरकवलं आणि हसली. मी ती भाकरी खाल्ली.

मामंजी परतले तोवर माझं न्हाणं झालं होतं. त्यांनी पेटी उघडली. चिरुटांवर पांढरी बुरशी.

"बाबा, म्या खापरी काढून ठेवली होती. देवाची आन!" कुसुम रडकुंडीला आली.

"मंग काय भुतानं ठेवली? घरात होतं कोण?"

घरात होतं कोण? मी तर पडवीत, कशाला न शिवणारी. माझं नाव कोणाच्या मनातही आलं नाही.

"जिले एक पेटी सांभाळता येत नाही, आन् वरून खोटं बोलते, तिले हॉस्टेलात ठेवू?"

मी वर साळसूदपणे म्हणाले, "मामंजी, वन्सं खोटं नाही बोलत हो."

"सूनबाई, तू मधात पडू नको."

मी नाही पडले. सांगितलं असतं तर चोरून शिवल्याचं पापही कबूल करावं लागलं असतं, त्या भीतीनं गप्प बसले — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आले. खोटं आहे ते. मला सांगायचंच नव्हतं. ट्रंक आली नाही, तेव्हा मला बरं वाटलं.

हिवाळ्यात कुसुमला देऊळघाटला दिली. बिजवराला. त्याच्या पहिल्या बायकोची पोरं तिनं वाढवली, मग स्वतःची. बापाशी ती पुन्हा मोकळेपणानं बोलली नाही, आणि त्यांनी तिला खोटारडी मानूनच डोळे मिटले. मागे लेकीला घेऊन आली होती. माझ्यादेखत लेकीला म्हणाली, "त्या दिवशी अख्ख्या घरात माह्या बाजूनं बोलली ते एकटी वैनी. मी इसरली नाही." मी मान खाली घालून चहा गाळत राहिले.

ती अजून आहे, देऊळघाटलाच. इथून बसनं सकाळी निघालं तर दुपारी तिच्या दारात. सांगायचं ते तिला सांगायचं होतं. मी तुम्हाला सांगितलं.