तेरची गोल पाठ

तेरला जायचं ठरवलं दशरथनं. मी गेलो, कारण सुट्टीच्या दिवशी घरात बसून बायकोची बोलणी कोण खाणार? मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघं मुरूमच्या शाळेत मास्तर. दशरथनं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती, आणि कुठंतरी वाचलं होतं की तेरचं त्रिविक्रमाचं देऊळ मुळात बौद्धांचं चैत्यगृह. तेर म्हणजे त्याच्या आईचं, सखूबाईचं माहेर. तिनं त्या दारातून कधी पाऊल टाकलं नव्हतं. एकदा तरी आईला आत न्यायचं, हा त्याचा ध्यास. म्हणून तीही आमच्याबरोबर निघाली.

जाणाऱ्यांनी सकाळची मोटार धरावी. उस्मानाबादला बदलावी लागते. पुढं धूळ अशी की माझी काळी शेरवानी बदामी झाली. तेरला भजी खा, चहाच्या वाटेला जाऊ नका.

देवळाच्या दारात पुजारीबुवांनी शेरवानी पाहिली अन् लवून सलाम ठोकला. "या सरकार, आत या!" निजाम गेला, पण शेरवानीचा वट कायम. माझ्यासारख्या मुसलमानाला देवळात पायघड्या! मागं सखूबाई दिसली. तिला त्यांनी ओळखलं. "बाई, तुम्ही इथूनच हात जोडा."

दशरथ भडकला. कायदा, घटना, सगळं काढलं. सखूबाई मात्र सरळ देवळामागं गेली, म्हणून आम्हीही गेलो. तिथली विटांची भिंत गोल वळलेली, वर हत्तीच्या पाठीसारखं छत.

"आमी पोरी हितनंच पाया पडायचो," ती म्हणाली. "ही बाजू आमची."

दशरथनं भिंतीला हात लावला. "आई, अगं हेच तर जुनं! आत स्तूप, त्याला प्रदक्षिणा घालायची, म्हणून भिंत वळवली. बौद्धांची बांधायची रीतच ही. पुढचा मंडप मागाहून जोडलाय."

मला हसूच फुटलं. म्हणजे मानाचे लोक जोडकामातून आत जात होते, अन् हाकललेले असलीच्या पाया पडत होते!

सखूबाईनं पदर खोचला. "पाठ आमची, तर पोट कुणाचं रं? चल."

बुवा तोंड उघडेपर्यंत बाई आत. तिच्यामागं दशरथ, शेवटी 'सरकार'. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

मुरूमला परतल्यावर मी भेटेल त्याला सांगत सुटलो, तेरला जाच, पण आधी मागची बाजू बघा. सखूबाईच्या अंगणात बाया जमल्या होत्या. "आत काय हाय गं?"

ती पाय चोळत म्हणाली, "अंधार. एवढं राखायला आमाला भायेर ठेवलं व्हय?"