फिक्का ब्रेड, गोड ब्रेड

आमच्या जनवाड्यात लोक तापाला भीत नव्हते, माझ्या मामाला भ्यायचे. मामा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. कुणाचं अंग जरा गरम झालं की डॉक्टरच्या आधी मामा दारात, काखेत ब्रेडचा पुडा. आमच्याकडं भाकरी खाणारा माणूस ब्रेडला हात लावतो तो आजारी पडल्यावरच. त्यामुळं त्या एका इंग्रजी शब्दात मामा अख्ख्या गावाची तब्येत सांगायचे. 'ब्रेडवर हाय' म्हणजे अंथरुण धरलंय. 'ब्रेड सुटला' म्हणजे उठून कामाला लागला. आणि 'आता ब्रेड बी जाईना' म्हणले की आत्या गुपचूप त्या घरच्या पाहुण्यांना फोन लावायला घ्यायची. पुड्याचा बी हिशेब होता. तापाला लहान, आपरेशनला मोठा, आणि डॉक्टरनं 'घरी घेऊन जावा' म्हणलेल्या माणसाला गोड ब्रेड, लाल-हिरवे तुकडे घातलेला. शेजारची गंगाक्का एकदा बाजेवरनंच वरडली, "काय रं, गोड आणलास का फिक्का?" फिक्का म्हणल्यावर उठून बसली आणि च्या मागितली.

स्वतः मामा ब्रेडला कधी तोंड लावले न्हाईत. "मी काय आजारी हाय का?" म्हणायचे. एका लग्नात पंगतीत डबल का मीठा, म्हणजे तळलेल्या ब्रेडचं गोड, वाढला, तर वाढप्याला विचारले, "लग्नात आजारपणाचं खाणं कामून ठेवलाव बाबा?" त्यांचा पोरगा हैदराबादला नोकरीला. फोनवर सहज म्हणाला, "सकाळी ब्रेड खाल्लो." मामांनी पुढचं ऐकलंच न्हाई. पहिल्या बसनं हैदराबाद गाठले, जाताना मोठा पुडा घेऊन. दार सुनेनं उघडलं, तिच्या बी हातात ब्रेड. परत येऊन आत्याला म्हणाले, "दोघं बी ब्रेडवर हायेत गं, आणि हसायलेत!"

पेशंटजवळ बसले की मामांचं वाक्य ठरलेलं. पुडा उशाला ठेवायचा, डोळ्यात डोळे घालायचे आणि म्हणायचं, "खा. आठ दिवसात बाजारात दिसशील." गोड ब्रेडवाल्याला बी हेच. मी शाळेच्या गॅदरिंगपासून मामांची नक्कल करायचो. मामा पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसायचे आणि मधीच चूक काढायचे, "डाव्या काखेत धर रं पुडा, येड्या!"

मागच्या वर्षी मामाचं पोट दुखायला लागलं. बिदरच्या दवाखान्यात नेलो. पंधरा दिवसांनी डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, "घरी घेऊन जावा." आत्या म्हणाली, "त्यांना कळू देऊ नको, माझी शपथ हाय." मामा मात्र रोज एकच विचारायचे, "डॉक्टर काय म्हणायलाय?" त्या दिवशी मी बेकरीसमोर लई वेळ उभा राहिलो. फिक्का नेला तर खोटं, गोड नेला तर खरं. शेवटी मोकळ्या हातानं वार्डात गेलो.

मामांनी माझे हात बघितले. "काय आणला न्हाईस?"

"बेकरी बंद होती, मामा."

"बिदरात?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बरं, माझी नक्कल तर कर. लई दिस झाले."

मी टॉवेलची घडी घातलो, डाव्या काखेत मारलो, मामांसारखं खोकत खोकत आलो, टॉवेल त्यांच्या उशाला ठेवलो. सगळा वार्ड हसायला लागला. "खा," म्हणलो मी, "आठ दिवसात बाजारात दिसशील."

मामा बी हसले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "आवाज बराबर. काख बी बराबर. पर हे वाक्य म्हणताना मी कधी खाली बघितलो न्हाई रं."

आत्यानं तोंडाला पदर लावला.

"जा," मामा म्हणाले. "गोड घेऊन ये. कसा लागतोय बघू तरी."

मी आणलो. मामांनी जन्मात पहिल्यांदा ब्रेड खाल्ला. दुधात बुडवून एक घास, मग अजून एक. लाल तुकडा बोटानं काढून आत्याच्या हातावर ठेवले. "चांगला लागतोय की गं," म्हणाले, "उगंच भ्यायचे लोक."

मामा गेले. गावात अजून लोक मला नक्कल करायला लावतात. चाल जमते, खोकला जमतो, पुडा डाव्याच काखेत असतो. ते वाक्य आलं की मान खालीच जाते, आणि चूक काढायला पहिल्या रांगेत कुणी नसतं.