आमच्या साडूंची विश्रांती

आमच्या साडूंइतका बसायला भिणारा माणूस शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत कुणी शोधून आणून दाखवावा, मी त्याला जन्मभर मिसळ फुकट चारीन. पाण्याला ते भीत नाहीत, घाटाला भीत नाहीत, मागं लागलेल्या कुत्र्याला तर अजिबात भीत नाहीत. तेवढंच जरा जोरात पळणं झालं म्हणून खूशच होतात. पण खुर्ची दिसली की या माणसाचा चेहरा उतरतो. आमच्याकडं आले की दारातच उभे राहणार, बोलता बोलता टाचा वरखाली करणार, चहा उभ्यानं पिणार आणि कपबशी स्वतः विसळून मोरीत पालथी घालून जाणार. मी पडलो याच्या बरोबर उलटा. सगळी नोकरी बँकेच्या खुर्चीत काढली आणि निवृत्तीनंतर राहिलेली हौस घरच्या खुर्चीत भागवतोय. एकाच घरातल्या दोन बहिणी, पण एकीला चाक मिळालं आणि एकीला पाटा, असं आमच्या सासूबाई चारचौघांत म्हणायच्या. पाटा कोण हे सांगायची त्यांना कधी गरज पडली नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून मीही; ते मला पावणं म्हणतात. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना होता, पंपाचे सुटे भाग करायचे. दोन वर्षांपूर्वी आक्का गेल्या, ध्यानीमनी नसताना, एका सकाळी. पंधरवडा उलटला असेल नसेल, साडूंनी कारखाना पुतण्याच्या हवाली केला, एक सायकल विकत घेतली आणि त्या दिवसापासून जे हलायला लागले ते आजतागायत थांबलेले नाहीत. साठी उलटलेला माणूस पहाटे तलावात पोहतोय, दुपारी हायवेला सायकल मारतोय आणि दिवस मावळताना रंकाळ्याभोवती पळतोय, हे बघून गल्लीत आधी काळजी झाली, मग करमणूक झाली आणि शेवटी सवय झाली. त्यातच कोल्हापुरात त्या मोठ्या स्पर्धेची बातमी आली. एकाच दिवसात आधी मैलोगणती पोहायचं, पाण्यातून निघून तसंच ओलं सायकलवर बसायचं, दुपारपर्यंत सायकल हाणायची आणि ती ठेवून वर पळायचं. मी विचारलं, "आणि मधे जेवायचं कधी?" तर म्हणाले, "सायकलवर केळं खायाचं की." ज्या गावात माणूस जेवणासाठी सायकल काढतो, त्या गावात हे ऐकायची वेळ माझ्यावर आली.

स्पर्धेच्या तयारीपायी या माणसानं कोल्हापूरच्या अब्रूला हात घातला, असं माझं स्पष्ट मत आहे. भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला तांबड्या रश्श्याची बादली समोर आली आणि यांनी पानावर हात आडवा धरला. वाढपी पोरगं बादली घेऊन तिथंच खिळलं. मग यांनी साधा भात आणि गूळ मागितला. घरात कुणी आजारी आहे का, असं तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं. पोहून सायकलवर चढताना वेळ वाया जाऊ नये म्हणून कपडे नि बूट झटक्यात बदलायचा सराव लागतो म्हणे. तो सराव साडू घरी मोरीपासून गॅलरीपर्यंत करायचे. अंगाला घट्ट बसणारा तो काळा पोशाख गॅलरीच्या तारेवर वाळत घातला की खालून बिनमुंडक्याचा माणूस लटकल्यासारखा दिसे, आणि पहिल्यांदा बघितला तेव्हा दूधवाल्यानं किटली खाली ठेवून हात जोडले होते. सवय अशी मुरली की कुणाच्याही घरी गेले तरी चपला बाहेर तोंड करून काढणार, निघताना पाय घातला की सुटले. आणि घरी पोचले तरी लगेच आत जायचे नाहीत. गल्लीला सायकलवरून तीन-चार चकरा मारायच्या, मग दारात यायचं, मग परत एक चकर, आणि मग कुलूप काढायचं. दमलेल्या पायांना हळूहळू थंड करतात असं ते सांगायचे. आम्ही मान डोलवायचो.

या सगळ्याचा सूत्रधार पुण्यात बसलेला एक तरुण प्रशिक्षक होता. त्याला साडूंनी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. साडूंच्या मनगटावर एक जाडजूड घड्याळ असायचं आणि ते चहाडखोर घड्याळ यांची पावलं, झोप, काळजाचे ठोके असं सगळं पुण्याला कळवायचं. आक्कांच्या राज्यातसुद्धा या माणसावर एवढी पाळत नव्हती. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि स्पर्धा आठवड्यावर आली तसा त्या प्रशिक्षकाचा हुकूम आला की झाली तेवढी मेहनत पुरे, आता फक्त विश्रांती. थोडं पोहा, थोडं फिरा, बाकी दिवसभर घरात पडून राहा. शरीरानं कमावलेलं ते या दिवसांतच अंगी लागतं. आता दमलात तर दोन वर्षांचं सगळं पाण्यात.

झालं. त्या दिवसापासून साडूंनी आमच्या घरात मुक्काम ठोकला. सकाळी आले आणि आमचा पंखा उतरवून पुसला. दुपारी आले आणि मिक्सरचं भांडं खोललं. संध्याकाळी आले आणि माझ्या बायकोनं नको नको म्हणताना पाटीभर लसूण सोलून ठेवला. दुसऱ्या दिवशी खोलण्यासारखं काही उरलं नाही तर माझ्या खुर्चीचे स्क्रू आवळायला घेतले, आणि तेही मी खुर्चीत असताना. मी कावलो. म्हटलं, दाजी, तुम्हाला घरी पडायला सांगितलंय ना? तर ऐकलंच नाही असं दाखवून त्यांनी पान्हा उचलला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते एक बेत घेऊन आले. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर चढवलं. म्हणाले, "पावणं, दिवसभर घालून बसा. तुमच्याइतकं सुरेख बसणारं कोल्हापुरात दुसरं कोण न्हाय." मी विचारीपर्यंत सायकल गल्लीच्या टोकाला गेली होती. दुपारी परतले तेव्हा कपाळभर गुलाल होता. जोतिबाचा डोंगर चढून आले होते, आणि देवाच्या दारात जाऊन गुलाल न लावता यायचं म्हणजे जिवावर आलेलं. त्यामुळं पुण्याला फसवलं तरी गल्लीला फसवता आलं नाही. संध्याकाळी पुण्याहून शाबासकी आली की सर, आजची विश्रांती अप्रतिम. दुसऱ्या दिवशी मी आणखी मन लावून बसलो, तर घड्याळ टेबलावर तर ठेवलं नाही ना, अशी चौकशी आली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. उभ्या आयुष्यात माझ्या बसण्याचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं.

पण स्पर्धेच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी फोन आला तो वेगळाच होता. साडू दारात उभे, फोनचा आवाज मोठा, मी खुर्चीत. प्रशिक्षकाचा आवाज गंभीर होता. सर, तुम्ही बसलेले असतानाही तुमचे ठोके फार जोरात पडतायत, आणि आज सकाळी तुम्ही नक्की काय केलंत, तेव्हा तर ते कुठच्या कुठं गेले होते. आज सकाळी मी कोपऱ्यावर मिसळ खाऊन एक जिना चढलो होतो. तो पुढं म्हणाला, "सर, स्पर्धा राहू दे. आधी डॉक्टरांना दाखवा. आजच."

मला हसू आलं. साडूंकडं बघितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी फोन तसाच चालू ठेवला, माझ्यापाशी आले, माझं मनगट धरलं आणि घड्याळावर विश्वास नसल्यासारखी तीन बोटं नाडीवर टेकवली. मग विचारलं, दम लागतोय का. मी म्हटलं, जिना चढल्यावर लागतो, कुणाला लागत नाही? जरा पडलो की बरं वाटतं. त्यावर हा माणूस माझ्यावर असा ओरडला की आतून बायको धावत आली. "पडायचं न्हाय! चला, उठा!" चपला घालायलासुद्धा नीट वेळ दिला नाही. माझीच स्कूटर, मी मागं, आणि चालवणारे साडू. सिग्नलला थांबलो की मागं हात घालून मी आहे ना हे चाचपून बघत होते.

दवाखान्यात ही गर्दी. नंबर यायला दुपार होणार होती. आणि तिथं, भिंतीला लावलेल्या लोखंडी बाकावर, मी आमच्या साडूंना बसलेलं बघितलं. टाचा हलत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडं बघत, माझ्याकडं मान न वळवता ते बोलायला लागले.

"त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, दम लागतोय. माझी गाडी भरायची हुती, मालाची. मी म्हटलं, जरा पड, इश्रांती घे, मी आलोच." त्यांनी बाकाची कड धरली. "ती पडली की वो. मी दुपारी आलो."

आक्का झोपेत गेल्या, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"ह्यो पोरगा रोज म्हणतोय, सर, विश्रांती घ्या, घरात पडून राहा. कुठं पडू, पावणं? त्या खोलीत?"

मग कळलं, दोन वर्षं हा माणूस गॅलरीत सायकलशेजारी सतरंजी टाकून झोपत होता. कॉटवर पाठ टेकली नव्हती. खरं म्हणजे बायको गेल्यावर साडूपण कशाला टांगायचं, मधली खुंटीच निघालेली असते. मीही मनातून तसंच धरून चाललो होतो आणि म्हणून त्यांच्या येण्याला कावत होतो. त्या बाकावर मला फार वाईट वाटलं. या नात्याला दुसरं काही नाव असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

माझं दुखणं निघालं रक्तदाबाचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, मिसळीवर गदा आणली आणि रोज चालायला सांगितलं. साडूंनी बाहेर येऊन घड्याळ परत स्वतःच्या मनगटावर चढवलं, पुण्याला फोन लावला आणि घड्याळाची सगळी लबाडी कबूल केली. मग प्रशिक्षकानं एवढंच सांगितलं की निदान उद्याची संध्याकाळ तरी खरंच झोपा. अंगात विश्रांती नसेल तर तुम्ही शेवटाला पोचणार नाही, आणि पाण्यात तर मुळीच उतरू नका.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी, सायकल तलावाकाठी नेऊन जमा करायची होती. तसा नियमच असतो. तिथं ओळीनं लावून ठेवायची आणि रिकाम्या हातानं परत यायचं. दुपारी ते सायकल देऊन आमच्याकडं आले तर दोन्ही हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. बायकोनं भात नि गूळ वाढला, कधी नव्हे ते त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दाजी, इथंच पडा की आज." त्यांनी मान हलवली. इथं पडलो तर परत तिथं कधीच जमायचं न्हाय, असं काहीतरी पुटपुटले आणि उठले. मला चालायला सांगितलंच होतं, मीही निघालो. त्यांच्या गल्लीत पोचल्यावर ते सवयीनं पुढं गेले, दारावरून तसेच कोपऱ्यापर्यंत. चकर मारायला सायकल नव्हती. पायीच वळून आले. परत गेले, परत आले. त्या चकरा कशासाठी असतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी कुलूप काढलं. गॅलरी रिकामी होती, सायकलच्या जागी फरशीवर तेलाचा एक डाग. तारेवर काळा पोशाखही नव्हता, उद्यासाठी पिशवीत गेला होता. साडू खोलीच्या दारात उभे राहिले. आत कॉट होती, त्यावर नीट घातलेली चादर. ऊन अजून खिडकीत होतं.

"पावणं," ते म्हणाले, "जरा बसताय काय? मला झोप लागंपतोर."

मी बाहेरची खुर्ची आत ओढली, कॉटपासून हातभर अंतरावर ठेवली आणि बसलो. ते आडवे झाले. डोळे मिटले, उघडले, मी आहे का बघितलं, परत मिटले. मी हललो नाही, खोकलो नाही, पायाला मुंग्या आल्या तरी पाय बदलला नाही. आयुष्यात मला एकच काम चांगलं जमतं आणि त्याचा कुणाला कधी उपयोग झाला नव्हता. खिडकीतलं ऊन सरकत भिंतीवर गेलं, मग विझलं. साडू घोरायला लागले. किती मोठ्यानं घोरतात हे माहीत असलेलं माणूस आता या जगात मी एकटाच, हे लक्षात आलं तेव्हा मला रडू आलं, आणि तेही मी न हलताच रडून घेतलं.

स्पर्धेत ते शेवटून दुसरे आले. त्यांच्या मागं राहिलेला होता तो गडी विशीतला, हे त्यांचं तेव्हापासून सगळ्यांना सांगून झालंय. आताशा आम्ही दोघं संध्याकाळी रंकाळ्यावर चालतो. माझ्या चालीनं चालताना त्यांना फार कष्ट पडतात. परतताना मी त्यांच्या दारापर्यंत जातो. काही दिवशी कुलूप लगेच निघतं, काही दिवशी चकरा होतात. कुठल्या दिवशी काय होणार ते त्यांनाही सांगता येत नाही.

पण स्पर्धेच्या दिवशी पहाटे, तलावाकाठी टोपी चढवताना, पुण्याहून निरोप आला होता. सर, रात्रीची झोप उत्तम. दोन वर्षांत एवढी चांगली नव्हती. घड्याळ नक्की तुमच्याच हातात होतं ना?

साडूंनी निरोप मला दाखवला आणि मनगट वर करून पुण्याच्या दिशेनं धरलं.