ओढ्यापासून जंगलापर्यंत

हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत भूगोलाचा पेपर घेतला (इथे विषयालाच पेपर म्हणतात), तेव्हा प्रत्येकाने चिठ्ठी उचलून जगातलं एक खेडं घ्यायचं होतं. माझ्या चिठ्ठीत जर्मनीतलं, एका रस्त्याचं, डोंगरउतारावरचं गाव निघालं. त्याचा इतिहास-भूगोल वर्गासमोर उभं राहून सांगायचा होता. ट्यूटोरियलमध्ये मी तोवर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तिथे कसं बोलायचं, हे विचारायला कुणी नव्हतं.

गावाचा नकाशा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. ओढ्याकाठी एका ओळीत घरं आणि प्रत्येक घरामागे शेताची अरुंद, लांबच लांब पट्टी. बाबा शहराच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या डेअरी फॅक्टरीतून पहिली पाळी करून आले होते. चहा पिता पिता त्यांनी नकाशाकडे पाहिलं. "भावाभावांची वाटणी झालेली दिसतेय," ते म्हणाले. "आपल्याकडे झाली तशी."

मला ते इतकं पटलं की मी तसंच लिहून दिलं: भाऊ वेगळे होत गेले, शेतं चिरत गेली. शिकवणाऱ्या बाईंनी मसुदा परत केला, तेव्हा समासात लिहिलं होतं की पट्ट्या गाव वसलं तेव्हापासूनच्या आहेत, वाटणीमुळे झालेल्या नाहीत. माझे कान गरम झाले. घरी येऊन मी सांगून टाकलं की हा पेपर सोडते, अजून मुदत आहे.

आईने एवढंच विचारलं, की पुढच्या पेपरात बोलावं लागणार नाही का. बाबा मात्र नकाशा सोडायला तयार नव्हते. "वाटणी नाही, तर पहिल्याच दिवशी अशा चिंध्या कशाला केल्या?"

काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी समोच्च रेषांवरून बोट फिरवत गेले. खाली ओढा, मग घर, मग नांगरटीची जमीन, वर कुरण, अगदी माथ्यावर जंगल. जमीन आडवी कापली असती तर एकाला पाणी मिळालं असतं आणि एकाला नुसती लाकडं. उभी कापली म्हणून प्रत्येक घराला सगळं थोडं थोडं मिळालं. आमच्या गावीही काळ्या रानात आणि माळावर, दोन्हीकडे प्रत्येक भावाचा तुकडा होता, तो याचसाठी. मी पेपर सोडला नाही.

वर्गात पहिली दोन वाक्यं कागदात बघून वाचली. मग डेअरी फार्मवर वाढलेल्या एका मुलाने विचारलं, की इतक्या चिंचोळ्या पॅडकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कुरणात, गायी आळीपाळीने फिरवायच्या कशा. मी कागद खाली ठेवला. फळ्यावर ओढा काढला, घर काढलं, घरामागून वर जाणारी वाट काढली. फिरवायच्या नाहीत, म्हटलं; सकाळी वर न्यायच्या, संध्याकाळी खाली आणायच्या, शेजाऱ्याच्या शेतात पाय न ठेवता. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणत तो लिहून घेऊ लागला. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं.

बाईंनी वेळ संपल्याची खूण केली.

"अजून जंगल राहिलंय," मी म्हणाले.

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि त्यांनी मला जंगलापर्यंत जाऊ दिलं.

घरी बाबा वाटच बघत होते. मी सगळं सांगितलं. शेवटी जे सांगून आले तेही. पुढे त्या गावातल्या काही घरांत भाऊ वेगळे झाले, आणि त्यांनी त्याच पट्ट्या पुन्हा उभ्याच चिरल्या.

बाबांनी आईकडे पाहिलं. "म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो."

"नव्हतात," मी म्हटलं. "पण मार्कांची वाटणी होणार नाही."